वीतभर गोधडी: धावदोऱ्याचे छोटे प्रयोग

एक वीत बाय एक वीत, म्हणजे नऊ इंचांचा चौकोन. विरलेल्या सुती कापडाचे तीन थर, एक सुई आणि दोऱ्याची एक लडी. गोधडीचा धावदोरा काय काय करू शकतो हे पाहायला एवढं सामान पुरतं. पाच बाय सात फुटांच्या गोधडीत दोरा जास्त ओढला गेला तर ते कळेपर्यंत निम्मी गोधडी भरून झालेली असते. वीतभर तुकड्यात ते चौथ्या-पाचव्या ओळीलाच दिसतं आणि उसवायलाही वेळ लागत नाही.

या कामात नक्षी दुय्यम आहे, हे आधीच सांगून टाकू. भिंतीवर लावायचं काही करायचं म्हटलं की हात आपोआप मोर आणि कोयरीकडे जातो, मग त्या रेघांवरून भरतकाम सुरू होतं. ते काम वेगळं. गोधडीत टाका थरांना आवळतो, टाक्याच्या जागी कापड खाली बसतं, दोन ओळींमधलं वर येतं, आणि उजेड बाजूने पडला की त्या उंचसखलपणाची सावली दिसते. गोधडीचं रूप त्या सावल्यांचं असतं. त्यामुळे लक्ष द्यायचं ते ओळींतल्या अंतराकडे आणि दोऱ्याच्या ताणाकडे.

कापड

वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड सगळ्यात चांगलं. धोतर, मलमलची ओढणी, सुती नऊवारी, जुना लेंगा. त्यातली खळ कधीच गेलेली असते, जेवढं आटायचं तेवढं ते आटलेलं असतं आणि सुई त्यातून अडखळत नाही. नवंच घ्यायचं तर मलमल किंवा ब्लाउजचं टू बाय टू घ्या. मांजरपाट पाठीमागच्या थराला चालतो, पण तो आधी गरम पाण्यात भिजवून दोनदा धुवावा लागतो, नाहीतर खळीमुळे सुई चिकटल्यासारखी होते.

टेरिकॉट, जॉर्जेट आणि बाकीची सिंथेटिक कापडं या कामाला घेऊ नका. ती थरांवर सरकतात, घडी धरत नाहीत आणि टाका ओढला तरी पुन्हा उसळून वर येतात, त्यामुळे सावलीच पडत नाही. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं.

जुन्या कापडाचा दम तपासणं महत्त्वाचं. दोन-अडीच इंचांचा भाग दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून आधी उभा ओढा, मग आडवा. धागे सरकून खिडक्या पडल्या किंवा कापड चरचरलं तर ते वरच्या आणि पाठीमागच्या थराला नको. मधल्या थरात खुशाल घाला, तिथे त्याला कुणी ओढत नाही. साडीत बसण्याचा भाग सगळ्यात आधी विरतो. पदर आणि कमरेशी खोचला जाणारा आतला भाग बहुधा शाबूत असतो.

खणाचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि तो रास्त आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणातली बारीक बुट्टी छोट्या तुकड्यातही उठून दिसते. मात्र खणाच्या कडा फार लवकर उसवतात, आणि पुष्कळ खणांत आता कृत्रिम रेशीम असतं. म्हणून खण पायाला न घेता ठिगळासाठी ठेवा, कडेला अर्धा इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडूनच कापा आणि इस्त्री कोमट ठेवा. इरकलीच्या काठाचंही तेच. काठ आणि अंग वेगवेगळ्या धाग्यांचे असल्यामुळे धुतल्यावर ते एकसारखे आटत नाहीत, जोडाच्या रेघेवर चुण्या येतात.

कापायच्या आधी सगळं कापड धुवा. लाल, मरून, काळा आणि निळा या रंगांची परीक्षा वेगळी घ्या: कापडावर ओला पांढरा रुमाल ठेवून अर्धा मिनिट गरम इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला तर कापड थंड पाण्यात भिजवा, पाणी बदला, पुन्हा भिजवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सांगितलं जातं, पण आधीच रंगवून आलेल्या कापडावर मिठाचा काही उपयोग होत नाही. पाचव्या-सहाव्या पाण्यानंतरही रंग सुटतच असेल तर ते कापड पांढऱ्या धोतराशेजारी लावू नका.

सुई आणि दोरा

भरतकामाच्या सुयांत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. तीन पातळ थरांना सात किंवा आठ नंबर बरोबर बसतो; चार-पाच थर असतील तर पाच नंबर घ्या. गोधडी म्हणून दाभण उचलू नका. सुई बरोबर आहे की नाही याची खूण सोपी आहे: कापडातून सुई काढल्यावर पडलेलं भोक नखाने घासलं की मिटलं पाहिजे. मिटत नसेल तर सुई जाड आहे.

अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याची लडी आठ मीटरची आणि सहा पदरी असते. त्यातले दोन पदर वापरायचे. पदर एकेक करून सरळ वर ओढून काढा आणि मग शेजारी धरून जुळवा. दोन एकदम खेचलेत तर उरलेल्या चारांचा गुंता ठरलेला. हिशोब असा: नऊ इंचांच्या चौकोनात पाव इंचावर ओळी घातल्या तर छत्तीस ओळी होतात, म्हणजे 324 इंच, सव्वाआठ मीटर. टाक्याच्या वर-खाली जाण्यात आणि टोकांत जाणारा दोरा धरला तर दहा-अकरा मीटर. दोन पदरांनी शिवलं तर एका लडीतून चोवीस मीटर निघतो, म्हणजे एका लडीत दोन तुकडे होतात.

रीळदोरा वापरायचा तर सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो. ताण आला की दोरा तुटत नाही, कापड फाटतं. उसवलेला दोरा पुन्हा ओवता येतो, फाटलेलं धोतर सांधता येत नाही.

दोरा एका वेळी एक हात घ्या, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण 18 इंच. सारखं ओवावं लागू नये म्हणून लांब दोरा घेतला तर त्याचा शेवटचा भाग शेकडो वेळा कापडातून घासून जातो, त्याला लव सुटते, रंग फिका पडतो आणि गाठी बसू लागतात. मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढून घेतला तर हा त्रास निम्मा होतो. फिकट दोऱ्याला पांढरंच मेण लावा, पिवळ्या मेणाची छटा उतरते. शिवताना दोऱ्याला पीळ पडायला लागला की सुई सोडून द्या, ती लोंबकळत स्वतःभोवती फिरते आणि पीळ उलगडतो.

बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिथल्या गोधडीकामात, जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढलेले धागे शिवायला वापरत. घरच्या साडीवरही हे करता येतं. तसा धागा कमकुवत असल्यामुळे लांबी दहा इंचांच्या वर नेऊ नका आणि ताण हलका ठेवा. बाजारच्या दोऱ्यात न सापडणारे जुने रंग त्यात मिळतात, एवढ्यासाठी हा खटाटोप करावा.

थर लावणे

वरचा आणि पाठीमागचा थर दहा-दहा इंचांचा, मधला नऊ इंचांचा. मधे एक थर घातला तर तुकडा कागदासारखा पातळ राहतो, दोन घातले तर सावली चांगली पडते. चौथ्या थरानंतर एका वेळी सुईवर टाके भरता येत नाहीत, एकेक टाका वर-खाली काढावा लागतो. सुरुवातीला एवढी जाडी नको.

चौकोन कात्रीच्या अंदाजाने कापू नका. कडेचा एक आडवा धागा ओढून काढा, त्या जागी रेघ पडते, त्या रेघेवर कापा. मग चारही कडा धाग्याला समांतर येतात. थर एकावर एक ठेवताना उभे धागे उभ्यावर आणि आडवे आडव्यावर आले पाहिजेत. एखादा थर उरेब, म्हणजे तिरका, पडला तर शिवून झाल्यावर चौकोन एका कोपऱ्याकडे ओढला जातो, आणि मग इस्त्रीने, पाण्याने, कशानेही तो सरळ होत नाही.

पाठीमागचा थर उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा, हाताने सपाट करा. त्यावर मधला थर मधोमध, चारही बाजूंना अर्धा इंच सोडून. त्यावर वरचा थर, सुलटी बाजू वर. आता कच्चे टाके. टाचण्यांवर भागवू नका. टाचणीच्या जागी कापड उचललं जातं आणि थर तेवढेच सरकतात. मधल्या बिंदूपासून चार कडांकडे आणि चार कोपऱ्यांकडे, इंच-इंचाच्या टाक्यांनी आठ ओळी घाला. दर वेळी मधून बाहेर जायचं, म्हणजे झोल कडेला निघून जातो.

मग कडा. वरचा आणि खालचा थर अर्धा-अर्धा इंच आत दुमडा, मधला थर त्यांच्या पोटात राहील. कोपऱ्यावर दोन्ही थरांच्या दुमडी एकावर एक येतात आणि सुई अडकते, म्हणून दुमडण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचं टोक तिरकं कापा, घडी जिथे येणार त्या बिंदूपासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सोडून. घडीवर कापलं तर धुतल्यावर कोपरा उघडतो. कडेपासून एक सूत आत, सगळ्या थरांतून एक ओळ घालून चौकोन बंद करा.

उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात राहणाऱ्या सिद्दी बायका ‘कवंदी’ नावाच्या गोधड्या करतात, त्यात कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घालून ‘फुला’ लावतात. वीतभर तुकड्याला हे कोपरे फार शोभतात. दोन इंचांचा कापडी चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करा, पुन्हा एकदा दुमडा, उघड्या कडा दोन थरांच्या मधे घाला आणि कडेची ओळ त्यावरून न्या.

धावदोरा

इंचाला वर दिसणारे पाच टाके हे सुरुवातीचं माप. टाका आणि मधली जागा सारखीच. सुईवर तीन-चार टाके भरा, सुई काढा, दोरा ओढा, आणि मग अंगठ्याने ओळ शिवलेल्या दिशेने एकदा निवळा. हा शेवटचा भाग टाळला जातो, आणि बहुतेक चुण्यांचं मूळ तिथेच असतं. दोरा ओढल्यावर कापड थोडं गोळा होतंच. निवळलं नाही तर तो गोळा तसाच अडकून राहतो आणि पुढच्या ओळीत त्यावर नवा चढतो. कापड हातात सैल धरा, रिंग लावू नका. रिंगेत ताणलेल्या कापडावर टाका सपाट बसतो आणि रिंग काढल्यावर सगळं आक्रसून येतं, म्हणजे काम करताना खरा ताण कळतच नाही.

सुरुवातीची गाठ छोटी मारा, सुई ओळीच्या सुरुवातीपासून इंचभर लांब वरच्या थरात घाला, सुरुवातीच्या बिंदूवर काढा आणि हलका झटका द्या. गाठ थरांच्या मधे जाऊन बसते. संपवताना शेवटच्या टाक्यावर दोन बारीक उलटे टाके, मग सुई थरांमधून इंचभर सरकवून बाहेर काढा आणि दोरा कापडाला टेकवून कापा. पाठीमागे गाठींची रांग दिसली नाही की तुकडा दोन्ही बाजूंनी लावता येतो.

रेघा आखायच्या असतील तर शिंप्याचा खडू, किंवा गडद कापडावर साबणाची वाळलेली पातळ चीप. पांढऱ्या धोतरावर चमच्याच्या दांड्याने दाबून रेघ ओढली तरी घडीची खूण उमटते आणि अर्धा तास टिकते. बॉलपेन नको. इस्त्रीने पुसली जाणारी पेनं सोयीची वाटतात, पण थंडीत त्या रेघा पुन्हा उगवू शकतात.

आता दिशेचं. सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे नेल्यात तर प्रत्येक ओळ कापडाला थोडंसं उजवीकडे ढकलते. छत्तीस ओळींनंतर चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. म्हणून एक ओळ इकडून, पुढची तिकडून. वळताना दोरा पाठीमागे ताणून आणू नका, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा सैल फास ठेवा. साशिको या जपानी धावदोऱ्याच्या कामात कोपऱ्यांवर असा झोल मुद्दाम ठेवतात, नाहीतर कडेला दातेरी चुण्या येतात.

दुसरी पद्धत कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन करत मधे येण्याची. कवंदी अशीच कडेकडून आत शिवत जातात. या पद्धतीत जो काही झोल उरला असेल तो आतआत ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा येतो. मोठ्या कामात कसलेला हात तो झोल वाटून घेतो. वीतभर तुकड्यात वाटायला जागाच नसते, म्हणून कच्चे टाके इथे दुप्पट दाट घाला, आणि आतला दोन इंचांचा भाग येईपर्यंत ते काढू नका.

कोणत्याही पद्धतीने शिवलं तरी तुकडा आटणारच. पाव इंचाच्या ओळींना टाक्यांच्या दिशेने पाव ते अर्धा इंच कमी होतो. नेमका नऊ इंचच हवा असेल तर सुरुवातच साडेदहा इंचांनी करा, मधला थर साडेनऊ.

प्रयोग

पहिला तुकडा एकाच पांढऱ्या कापडाचा, एकाच दोऱ्याने, पाव इंचाच्या ओळींनी पूर्ण करा. पुढचे सगळे त्याच्या शेजारी ठेवून पाहायचे आहेत. नंतर प्रत्येक तुकड्यात एकच गोष्ट बदला. कापडही नवं, दोराही जाड आणि ओळीही वाकड्या असं एकदम केलं की चुण्या कशामुळे आल्या हे शेवटपर्यंत कळत नाही.

अंतर. चौकोनाचे तीन-तीन इंचांचे तीन पट्टे करा. एकात ओळी एक सूत अंतरावर, दुसऱ्यात पाव इंच, तिसऱ्यात अर्धा इंच. दाट पट्टा लांबीला आटतो, विरळ पट्टा आटत नाही, आणि दोघं एकाच कापडात असल्यामुळे विरळ बाजूला लाटा येतात. याला दोष समजू नका, सगळे उठाव यातूनच निघतात. मधे दाट आणि कडेला विरळ शिवलं तर कडा लहरतात. कडेला दाट आणि मधे विरळ शिवलं तर मधला भाग फुगून वर येतो. ही जोडी करून टेबलावर शेजारी ठेवा. पुढे कुठलाही आकार उचलून दाखवायचा झाला तर पेन्सिलची गरज फारशी लागत नाही.

याचाच पुढचा भाग वाटीचा. मधोमध तीन इंचांची वाटी पालथी घालून खडूने गोल काढा. गोलाच्या रेघेवर एक ओळ, मग बाहेर एकेक सुतावर दाट ओळी, गोल गोल, कडेपर्यंत. आतला गोल कोरा. गोल आपोआप वर येतो. आणखी उंच हवा असेल तर पाठीमागच्या थराला गोलाच्या आत अर्ध्या इंचाची चीर द्या, कातरणाचे बारीक धागे चमच्याच्या दांड्याने आत सरकवा आणि चीर शिवून टाका. कापूस घालू नका, तो गोळा होतो. गोलाभोवती ओळी घालताना प्रत्येक फेरीनंतर तुकडा फरशीवर ठेवून पाहा. कडा वर उचलल्या जायला लागल्या तर पुढच्या दोन फेऱ्यांत ताण कमी करा.

टाक्यांची जुळणी. अर्ध्या तुकड्यात प्रत्येक ओळीचा टाका वरच्या ओळीच्या टाक्याखाली नेमका येऊ द्या. टाक्यांच्या आडव्या दिशेला सरळ खोबणी पडतात. उरलेल्या अर्ध्यात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्धा टाका पुढे सरकवा. खोबणी तिरप्या होतात, कापडभर लहरी उठतात. कांथ्यातल्या त्या प्रसिद्ध लहरी याच सरकवण्यातून येतात. दोरा कापडाच्याच रंगाचा घेतला तर हे जास्त चांगलं दिसतं. विरोधी रंगाचा दोरा घेतला की डोळा टाके मोजत बसतो आणि उठाव पाहायचा राहून जातो.

दडवलेले तुकडे. वरचा थर झिरझिरीत मलमलचा घ्या. त्याखाली, मधल्या पांढऱ्या थरावर, गडद कापडाचे छोटे तुकडे मांडा: नीळ, मरून, काळा. वरून ते धुक्यातून दिसावेत तसे दिसतात. कडा दुमडायची गरज नाही, वरचा थर त्यांना धरून ठेवतो. अडचण एकच, ते सरकतात. प्रत्येक तुकड्याला मधल्या थरावर दोन टाके घालूनच पुढे जा, आणि तुकड्याची कड ओळींच्या मधे न पडता एखाद्या ओळीखाली येईल अशी मांडणी करा. रंग सुटणारं कापड इथे अजिबात चालत नाही, वरचं मलमल गुलाबी होतं.

ठिगळ. दोन रीती. कड दुमडून लावायचं तर पाव इंच माया ठेवा. गोल ठिगळाला पोस्टकार्डाचा गोल आत घालून कडेने धावदोरा घाला, दोरा ओढा, इस्त्री फिरवा आणि कार्ड काढून घ्या, स्वच्छ गोल मिळतो. वर लावताना सुई दुमडीच्या कडेतून निघून खाली सरळ जावी, टाका जवळजवळ दिसत नाही. दुसरी रीत कच्च्या कडेची. धागे सुटू द्यायचे, पण किती ते ठरवून. उरेब कापलेली कड कमी सुटते, सरळ कापलेली लवकर दशा काढते. कच्च्या कडेपासून दोन सूत आत एक ओळ आणि त्याच्या आत दुसरी ओळ घाला, म्हणजे दशा पहिल्या ओळीपाशी थांबतात. चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलसारखा गोंद वापरू नका. पातळ कापडातून तो वर झिरपतो, वाळून कडक होतो आणि तिथून सुई जात नाही.

हिरडा आणि गंज. हा प्रयोग नव्या, मजबूत मांजरपाटावर करा, कारण गंज सुती धाग्याला कालांतराने ठिसूळ करतो. कापडाच्या वजनाच्या पंचमांश हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवा, म्हणजे पन्नास ग्रॅम कापडाला दहा ग्रॅम. धुतलेलं कापड त्यात तासभर भिजवा, पिळा, न धुता सावलीत वाळवा. त्यावर फिकट पिवळसर छटा येते. आता गंजलेले खिळे, वॉशर, जुनी बिजागरी कापडावर मांडा, व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं शिंपडा, गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगातून करडे ते काळे ठसे उमटतात. हवे तेवढे गडद झाले की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग साबणाने धुवा. आंबटपणा राहिला तर कापड लवकर विरतं. यासाठीचं भांडं पुन्हा स्वयंपाकात नको, आणि गंजलेल्या वस्तू हाताळताना हातमोजे घाला. ठशांच्या कडेकडेने फिकट दोऱ्याच्या ओळी घातल्या की त्यांचे आकार दोन बोटं लांबूनही आणि खोलीच्या पलीकडूनही वेगळे दिसतात. ठशावर मात्र दाट शिवू नका.

बिघडलं तर

चुण्या सगळीकडे सारख्या असतील तर ताण जास्त झाला. तुकडा ओला करून पाहा, थोड्या सुटतात. एकाच कोपऱ्यात असतील तर थर सरकलेत, तेवढ्या ओळी उसवून कच्चे टाके पुन्हा घालावे लागतील. पाठीमागे मधेच टाका दिसत नसेल तर सुई तिथे खालच्या थरापर्यंत पोचलेली नाही. दर पाच ओळींनी तुकडा उलटा करून पाहायची सवय लावा. गाठ वर निसटली तर ती लगेच कापू नका. सुईने दोरा थोडा वर ओढा, दोन उलटे टाके घाला, मग गाठ कापा. बोटातून रक्त लागलं तर लगेच थंड पाणी. गरम पाण्याने डाग पक्का होतो.

धुणे, लावणे, ठेवणे

शिवून झाल्यावर तुकडा थंड पाण्यात दहा मिनिटं बुडवा, टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. सपाट फळीवर जुना टॉवेल पसरून त्यावर तुकडा हाताने ओढून चौकोनी करा, कडेला इंच-दोन इंचावर न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि सावलीत वाळू द्या. मधे उठाव असलेल्या तुकड्याच्या फक्त कडा टाचा. वाळल्यावर इस्त्री फिरवली तर सगळी सावली सपाट होते. फिरवायचीच असेल तर टॉवेलवर उलटा ठेवून, नुसती वाफ द्या.

भिंतीवर लावायला पाठीमागे वरच्या कडेखाली दीड इंच रुंदीची कापडी नळी शिवा, टाके फक्त पाठीमागच्या थरात घ्या, आणि तिच्यातून बांबूची काडी घाला. काडी तुकड्यापेक्षा अर्धा इंच आखूड ठेवलीत तर समोरून दिसत नाही. काचेच्या चौकटीत बसवायचं झालं तर काच कापडाला टेकता कामा नये. फ्रेमवाल्याला आत पाव ते अर्धा इंचाची पट्टी घालायला सांगा. पावसाळ्यात काचेच्या आत दमट हवा साचते आणि टेकलेल्या जागी बुरशीचे ठिपके येतात, कोकणात आणि गोव्यात तर पहिल्याच पावसात. समोरच्या खिडकीतून थेट ऊन येत असेल ती भिंत टाळा, पण बाजूने उजेड येणारी भिंत मुद्दाम शोधा.

ठेवून द्यायचे तुकडे घडी न घालता सुती कापडात गुंडाळून नळीवर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. डांबरगोळ्या ठेवल्या तर वेगळ्या पुडीत, कापडाला न लागता. शेवटी प्रत्येक तुकड्याच्या मागे नाडीपट्टीचा दोन इंच तुकडा शिवा आणि शिवण्याआधी त्यावर न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवा: कापड कोणतं, थर किती, ओळींतलं अंतर, दोऱ्याचे पदर, शिवण्याआधीचं आणि नंतरचं माप.